तेवढा गेम टाकून द्या

२०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. आसुस कंपनीचा ‘आरओजी अ‍ॅलाय’ हा हातात धरून खेळायचा पीसी जुलै २०२३ मध्ये भारतात विकायला आला, तेव्हा त्याची किंमत होती ६९,९९० रुपये. आमच्या केळापूर तालुक्याच्या हिशेबात सात इंची पडद्यासाठी साडेआठ क्विंटलहून जास्त पांढरं सोनं. त्यामुळे असलं यंत्र इकडे कुणी दुकानात जाऊन घेत नाही. ते येतं पुण्या-हैदराबादला नोकरीला लागलेल्या भावाच्या बॅगेतून, दिवाळीच्या चार दिवसांसाठी. घरातली पोट्टी भोवती जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात बीजीएमआय चालतो का? नाही चालत. बीजीएमआय हा फोनसाठी बनवलेला गेम. हातातलं यंत्र दिसायला खेळण्यासारखं असलं तरी आतून ते पुरतं कॉम्प्युटर आहे, आणि त्यात कॉम्प्युटरचेच गेम बसवावे लागतात.

दुसरी मागणीही ठरलेली : ‘दादा, तेवढा गेम टाकून द्या.’ ही सवय मेमरी कार्डाच्या काळातली. मोबाइलच्या दुकानात कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये टेकवायचे, की गाणी, सिनेमे, गेम असं सगळं भरून मिळायचं. हँडहेल्ड पीसीत गेम असा ‘टाकून’ होत नाही. तो विकत घेणाऱ्या माणसाच्या खात्याला बांधलेला असतो, पहिल्यांदा चालू होताना त्याला इंटरनेट लागतं, त्याची बटणं जुळवावी लागतात आणि तो किती वीज खाईल हेही आपण ठरवायचं असतं. माझं मत स्पष्ट आहे : ही यंत्रं बनवणाऱ्यांनी वेगवान ब्रॉडबँड, थंड खोली आणि न जाणारी लाइन या तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. आपल्याकडे तिन्हींचा भरवसा नाही. म्हणून तालुक्याच्या गावी गेम लावायचा तर सगळी तयारी शहरातच उरकून यावं लागतं.

आधी यंत्रांची ओळख. या सगळ्या प्रकाराला वळण दिलं ते अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम डेक’ने, फेब्रुवारी २०२२ मध्ये. मध्ये ७ इंची, १२८० बाय ८०० ठिपक्यांचा पडदा, दोन्ही बाजूंना काड्या आणि बटणं, १६ जीबी रॅम, वजन ६६९ ग्रॅम. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओएलईडी पडद्याची सुधारित आवृत्ती आली. तिची बॅटरी ४० ऐवजी ५० वॅट-तासांची. व्हॉल्व्हने डेक भारतात अधिकृतपणे विकायला आणलेला नाही. इथे दिसतो तो बाहेरून आणलेला, म्हणजे बिघडला तर इथल्या वॉरंटीची आशा धरू नये. अ‍ॅलाय, लेनोवोचा ‘लीजन गो’ आणि एमएसआयचा ‘क्लॉ’ हे विंडोजवर चालणारे भाऊबंद. विंडोज सात इंचांवर वापरणं हा वैताग आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घड्याळाशेजारची चिमुकली चिन्हं बोटाने दाबून पाहावीत. म्हणूनच मे २०२५ मध्ये लेनोवोने एक ‘लीजन गो’ स्टीम डेकचीच प्रणाली घालून बाजारात आणला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आसुसच्या ‘एक्सबॉक्स अ‍ॅलाय’मध्ये विंडोजवर पूर्ण पडद्याचा एक्सबॉक्सचा चेहरा चढवला गेला.

डेकची प्रणाली ‘स्टीमओएस’, ती लिनक्सवर उभी आहे. मग विंडोजसाठी लिहिलेला गेम तिच्यावर चालतो कसा? मध्ये ‘प्रोटॉन’ बसलेला असतो. त्याचं मूळ १९९३ साली सुरू झालेल्या ‘वाइन’ या मुक्त प्रकल्पात आहे. व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यावर आधारित प्रोटॉन आणला. पाटणबोरीच्या बाजारात तेलुगू बोलणारा व्यापारी आणि कोलामी बोलणारी बाई यांच्यात एखादा मराठी माणूस उभा राहून दोघांचं काम करून देतो, तसं हे आहे. गेम विंडोजच्या भाषेत ‘अमुक चित्र काढ’ म्हणतो, प्रोटॉन ते लिनक्सला कळेल अशा सूचनेत बदलून पुढे देतो. हे इतक्या झपाट्याने होतं की खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही.

अडतं ते एकाच जागी. ऑनलाइन स्पर्धेच्या काही गेममध्ये फसवणूक पकडणारी पहारेकरी प्रणाली असते आणि तिला हा मधला माणूस संशयास्पद वाटतो. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ स्टीमओएसवर चालत नाहीत. ‘एपेक्स लेजंड्स’ आधी चालायचा, २०२४ च्या अखेरीस लिनक्सचं दार बंद झालं. ‘जीटीए’चा ऑनलाइन भागही सप्टेंबर २०२४ पासून डेकवर गेला, एकट्याने खेळायची कथा मात्र चालते. म्हणून घेण्याआधी ‘स्टीम’ या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर डेकसाठीचा शेरा बघावा. हिरवी खूण म्हणजे तपासून पास, पिवळी म्हणजे चालेल पण थोडी खटपट, राखाडी म्हणजे नाद सोडा.

आता प्रत्यक्ष एक गेम घेऊ. मी सुचवेन तो पुण्याचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने तो बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. काम बंद पडू नये म्हणून सहसंस्थापक श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. राखीच्या दिवशी असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला जाणाऱ्या पोरांना ही देवी कोण ते समजावून सांगावं लागत नाही. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं, मधल्या कथेसाठी सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, वाडे-किल्ले राजस्थानी घाटाचे. खेळ पाच-सहा तासांत संपतो, आणि शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटतो, ही माझी तक्रार आहे. तरी २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या पाच नामांकनांत तो होता. गंमत अशी की हा गेम सर्वांत आधी, १८ ऑगस्ट २०२० रोजी, निन्टेंडो स्विच या हातातल्याच यंत्रावर आला, आणि त्या कंपनीची भारतात अधिकृत विक्रीच नव्हती. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या पोरांना पीसीवर खेळायला ऑक्टोबर उजाडला.

स्टीमवर रुपयांत किंमत दिसते आणि यूपीआयने पैसे भरता येतात. खातं उघडलं, गेम घेतला, की डाउनलोड. इथे आपला हिशेब वेगळा. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर १०० जीबीचा मोठा गेम उतरवायला ५० दिवस लागतील, तेही घरात कुणी व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा उघडलं नाही तर. ४० एमबीपीएसच्या फायबरवर तोच गेम साडेपाच तासांत येतो. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत टॉवरची एक दांडी कशीबशी दिसते. तिथे जाऊन डाउनलोड लावायचा विचारही करू नये. म्हणून भावाला फोन करून सांगा : निघण्याच्या आदल्या रात्री गेम उतरव, आणि नुसता उतरवून थांबू नको, एकदा उघडून पहिल्या दृश्यापर्यंत जा. पुष्कळ गेम पहिल्यांदा उघडल्यावर आणखी काहीतरी मागतात : एखादी सहायक प्रणाली, वेगळ्या कंपनीचं लॉगिन, राहिलेला अपडेट. ते सगळं इंटरनेट असतानाच पुरवायचं, मग स्टीम ऑफलाइन करून गेम पुन्हा चालतो का ते बघायचं. नेमकं हेच राहून जातं, आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी पडद्यावर लॉगिनची चौकट बघत सगळे बसतात.

घरात आधीच एखाद्या लॅपटॉपवर तो गेम असेल तर आणखी सोपं. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीमने अशी सोय दिली की एकाच वायफायवरचं एक यंत्र दुसऱ्याला गेमच्या फाइली थेट देतं. दोन्हीकडे स्टीमला लॉगिन असावं लागतं आणि गेम घेणाऱ्याच्या खात्यात असावा लागतो, पण जड वाहतूक घरातल्या घरात होते, बाहेरचा डेटा थोडाच जळतो.

जागेचंही बघावं. सर्वांत स्वस्त डेकमध्ये सुरुवातीला ६४ जीबीच होती. त्यात प्रणाली वजा जाता मोठा गेम मावतच नाही. मायक्रो एसडी कार्ड घालता येतं, डेक ते आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो, म्हणजे कार्डात आधीचे लग्नाचे फोटो असतील तर ते गेले समजा. बाजारात ‘१ टीबी’ लिहिलेली फार स्वस्त कार्डं मिळतात. त्यातली कित्येक नुसती नावाची १ टीबी असतात, खरी जागा संपली की लिहिलेलं बिघडत जातं. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचा छोटा फुकट प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून कार्ड आधी पूर्ण भरून तपासावं.

बटणांचा भाग मला सर्वांत मजेचा वाटतो. ‘राजी’सारखा कंट्रोलर ओळखणारा गेम असेल तर काही करावं लागत नाही. पण शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की आम्ही खेळायचो तो ‘डेंजरस डेव्ह’ घ्या. जॉन रोमेरोने १९८८ मध्ये लिहिलेला हा गेम एका फ्लॉपीत मावायचा. त्याची डॉसवरची आवृत्ती आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर थेट उघडत नाही. त्यासाठी ‘डॉसबॉक्स’ लागतं, जे जुना पीसी असल्याचं सोंग घेतं. डेकवर पॉवरचं बटण दाबून धरून ‘डेस्कटॉप मोड’मध्ये जायचं, तिथल्या ‘डिस्कव्हर’ दुकानातून डॉसबॉक्स घ्यायचं आणि स्टीममध्ये ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून जोडायचं. मग बटणांचा नकाशा : डावीकडची फुली म्हणजे बाणाच्या कळा, ए म्हणजे वरचा बाण कारण डेव्ह त्याने उडी मारतो, बी म्हणजे कंट्रोल, त्याने गोळी, एक्स म्हणजे आल्ट, त्याने पाठीवरचं जेटपॅक सुटतं. एकदा जुळवून जपून ठेवलं की झालं. माउसवरच अवलंबून असलेल्या डावपेचांच्या गेमसाठी डेकवर दोन चौकोनी स्पर्शपट्ट्या आहेत, आणि जगभरच्या खेळाडूंनी बनवून ठेवलेले नकाशे तिथेच निवडता येतात. शून्यातून जुळवत बसू नये.

अक्षरं मात्र जुळवता येत नाहीत. टेबलावरच्या २४ इंची पडद्यासाठी लिहिलेला मजकूर सात इंचांत मुंगीएवढा होतो. गेमच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करायची सोय आहे का ते बघावं, नसेल तर चष्मेवाल्यांनी तो गेम सोडून द्यावा.

आता वीज. ४० वॅट-तासांची बॅटरी म्हणजे यंत्र एकूण २० वॅट खात असेल तर दोन तास, ८ वॅट खात असेल तर पाच. हे आकडे आपल्या हातात असतात. डेकच्या उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबलं की चिपला जास्तीत जास्त किती वॅट द्यायचे ते ठरवता येतं. चित्रांचा वेगही बांधता येतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं, ३० म्हणजे ३३.३ चं. दोन्हींच्या बरोबर मधला काळ २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० चित्रं. त्यामुळे पडदा ४० हर्ट्झवर आणि चित्रं ४० वर बांधली, तर ३० चा अडखळता भास पुष्कळ कमी होतो आणि ६० एवढी बॅटरी जात नाही. लाइन गेली तर पॉवरचं बटण एकदा दाबावं. गेम आहे तिथे झोपतो, आल्यावर तिथूनच उठतो.

उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण दिवाळीत आलेलं यंत्र कधीकधी गावीच राहतं. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा व्हॉल्व्हने जाहीरपणे सांगितलं होतं : डेक ० ते ३५ अंश तापमानात नीट चालतो, त्यावर गेला की स्वतःचा वेग कमी करतो. आतली चिप १०५ अंशांना पोचली तर यंत्र बंदच होतं. आमच्या पांढरकवड्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो. कूलरसमोर बसून, चिपचे वॅट कमी करून खेळता येईल, पण गच्चीवर किंवा उभ्या गाडीत नको. वरच्या कडेची गरम हवा बाहेर टाकणारी फट हाताने किंवा पांघरुणाने झाकू नका.

‘क्रॅक’ केलेले गेम पेन ड्राइव्हवरून घेण्याबद्दल दोनच वाक्यं. त्यांच्यासोबत काय येतं ते घरातल्या यूपीआयच्या आणि बँकेच्या पासवर्डांना परवडणारं नसतं, आणि तुमचा खेळ खात्यात जपला जात नाही. शिवाय फ्लॅट विकून गेम पुरा करणाऱ्यांचा गेम चोरून खेळायचा, हे मला तरी जमणार नाही.

सुट्टी संपून भाऊ परत गेला आणि यंत्र पुन्हा इंटरनेटवर आलं की स्टीम विचारेल : यंत्रातला खेळ ठेवायचा की क्लाउडवरचा? गावी ऑफलाइन खेळलेलं सगळं यंत्रात आहे, तेव्हा तारीख-वेळ बघून यंत्रातलाच निवडा. चुकून दुसरं दाबलं तर धाकट्यांची चार दिवसांची कमाई पुसली जाते.

आणि एवढं करूनही गेम नाही चालला, तर पैसे बुडत नाहीत : घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीम रक्कम परत करतं. गेम वसुबारसेच्या आधी घ्या आणि शहरातच चालवून बघा, म्हणजे दोन्ही मुदती हातात राहतील.