खिशातले कार्ड: बालकाचा मूक रखवालदार

चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेला त्या भागातले लोक नुसते 'पी. जी. आय.' म्हणतात. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पंजाब, हरयाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीर येथून आईबाप आपली आजारी मुले घेऊन येतात. उपचार होतात, मूल सुधारते आणि कुटुंब शेकडो मैल दूर आपल्या गावी परतते. त्याच्या आजाराची सारी हकिकत मात्र रुग्णालयाच्या दप्तरात राहते. वाचकहो, पुढच्या संकटाचे बीज पुष्कळदा येथेच असते.

आतड्याच्या एका दुर्मिळ विकाराचे उदाहरण घेऊ. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे त्याचे वर्णन सादर केले. म्हणून त्यास हिर्शस्प्रुंग रोग म्हणतात. आतड्याची हालचाल घडवणाऱ्या मज्जापेशी गर्भावस्थेत वरून खाली सरकत जातात. काही बालकांत त्या शेवटापर्यंत पोहोचतच नाहीत. तेवढा भाग आवळलेला राहतो व मळ पुढे सरकत नाही. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण जवळजवळ चौपट असते. जन्मानंतर दोन दिवसांत बाळाला पहिली काळी शी झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे.

सदोष भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत ऑर्व्हर स्वेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केली. आज अशी बहुतेक मुले शाळेत जातात, खेळतात. तथापि शस्त्रक्रिया झाली म्हणजे धोका अजिबात टळला, असे नव्हे. त्यानंतरही आतड्याला तीव्र सूज येऊ शकते. ताप चढतो, पोट टणक फुगते, दुर्गंधीयुक्त पातळ जुलाब होतात, मूल मलूल होते. मध्यरात्री गावच्या डॉक्टरांपुढे असे मूल आले, तर त्यांना ती साधी हगवण वाटणे स्वाभाविक आहे. त्यांचा त्यात दोष नाही. असा रोगी त्यांनी कदाचित कधी पाहिलेलाही नसतो. घाबरलेल्या आईला रोगाचे परके नाव आठवत नाही, आणि येथे तर काही तासही मोलाचे असतात.

अशा वेळी आईऐवजी बोलते ते एक छोटेसे कार्ड. ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातील एका डॉक्टरांच्या मुलीला १९५३ साली धनुर्वाताच्या प्रतिविषाची चाचणी जिवावर बेतली. त्या अनुभवातून १९५६ साली 'मेडिकअलर्ट' ही संस्था निघाली आणि धोक्याची सूचना अंगावर बाळगण्याची प्रथा रूढ झाली.

आपल्या मुलाच्या शल्यचिकित्सकांकडून असे कार्ड अवश्य लिहून घ्यावे. एका बाजूस मुलाचे नाव, जन्मतारीख, रक्तगट, रोगाचे पूर्ण नाव, शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख, न सोसणारी औषधे, रुग्णालयातील नोंदणी क्रमांक आणि दूरध्वनी असावा. दुसऱ्या बाजूस ठळक अक्षरांत सूचना असावी: 'ताप, फुगलेले पोट वा जुलाब असल्यास साधी हगवण समजू नये. ताबडतोब शल्यचिकित्सकांशी संपर्क साधावा. त्यांना विचारल्यावाचून जुलाब थांबवणारे औषध देऊ नये.' शिरेतून द्रव, प्रतिजैविके, आतडे धुणे यांपैकी काय व केव्हा करावे, हेही त्यांनीच लिहावे.

मजकूर इंग्रजीत तसाच स्थानिक भाषेतही हवा. कारण ते डॉक्टरांप्रमाणे शिक्षिकेला व शेजाऱ्यालाही वाचावे लागेल. एक प्रत दप्तरात, एक आईच्या पिशवीत, एक आजीआजोबांकडे ठेवावी आणि मोबाइलमध्ये छायाचित्र असावे. प्रत्येक तपासणीनंतर मजकूर अद्ययावत करावा. जुने कार्ड दिशाभूल करते.

पोटाच्या विकाराची वाच्यता करण्यास अनेक कुटुंबे संकोचतात. परंतु कार्ड घडी घालून ठेवता येते. ते चारचौघांत मिरवायचे नसते, वेळप्रसंगी दाखवायचे असते. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा तो कागद मोठ्या रुग्णालयाचे ज्ञान लहान गावापर्यंत नेतो. आज सायंकाळीच बसून त्याचा मसुदा करा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.