शाल, श्रीफळ आणि पाण्याचा नमुना

देहूची इंद्रायणी आळंदीला पोहोचण्याआधी निघोजे गावाच्या शिवेला लागून वाहते. एका अंगाला चाकणची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला तळवडे-चिखली. आंद्रा धरणातून नदीत सोडलेलं पाणी निघोज्याच्या बंधाऱ्यातून उचलतात आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध करून पिंपरी-चिंचवडच्या नळांना देतात. योजनेची क्षमता दिवसाला 10 कोटी लिटर. आळंदीत नदी फेसाळली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पण फोटो ही बातमीची सुरुवात झाली. फेस कशाचा, आला कुठून, खालच्या पाण्यात काय आहे, हे पुराव्यानिशी सांगणं ही विज्ञानाची शोधपत्रकारिता.

विज्ञान समजावून सांगणाऱ्यांचं आपल्याकडे कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. जयंत नारळीकरांना 1996 साली युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. विज्ञानाच्या आधारे जाब विचारणं हे मात्र वेगळं काम. अमेरिकेत विज्ञान पत्रकारितेचे पुरस्कार 1945 पासून आहेत आणि त्यांत लहान वृत्तपत्रांसाठी अनेक वर्षं वेगळा गट होता. आपल्याकडे 2006 पासून दिल्या जाणाऱ्या रामनाथ गोएंका पुरस्कारांत पर्यावरण-विज्ञानाच्या वार्तांकनाचा विभाग आहे.

पुरस्कार वेळेवर मिळतोच असं नाही. भोपाळच्या राजकुमार केसवानींनी 1982 मध्ये ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकातून तिथल्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या धोक्याचा इशारा दिला. कंपनीच्याच सुरक्षा तपासणीचा अहवाल त्यांनी मिळवला होता. कुणी मनावर घेतलं नाही. डिसेंबर 1984 मध्ये वायू सुटला, हजारो माणसं मेली. केसवानींना बी. डी. गोएंका पुरस्कार मिळाला तो 1985 साली. त्या सन्मानाचा त्यांना आनंद तरी कसा व्हावा?

बीडची गोष्ट वेगळी घडली. एप्रिल 2019 मध्ये राधेश्याम जाधव यांनी ‘बिझनेसलाइन’ या इंग्रजी दैनिकात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर लिहिलं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, एक खाडा पडला तरी दंड. मग पाळीचा त्रास ‘कायमचा’ मिटवण्याचा सल्ला मिळायचा. बातमीनंतर राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. गावोगाव कुजबुजीत असलेली गोष्ट सरकारी कागदावर आकडा होऊन आली. बातमीचा समाजावरचा परिणाम मोजायचा तो असा.

आता निघोज्याकडे परत येऊ. नदीत आंघोळ करता यावी, यासाठी पाण्यातला विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा आणि बीओडी 3 पेक्षा जास्त नको. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू. फेस येतो मुख्यतः साबण-डिटर्जंटमधल्या द्रव्यांमुळे. ती कारखान्यातून येतात तशी आपल्या न्हाणीघरातूनही येतात. उलट प्लेटिंगच्या सांडपाण्यातलं निकेल, क्रोमियम फेस करत नाही. म्हणून फेस ओसरला की नदी स्वच्छ झाली, असं समजू नये. आणि फेस दिसला की दोषी सापडला, असंही नाही. नाला मिळण्याआधी आणि नंतर, एकाच दिवशी नमुने घ्यावे लागतात, मान्य प्रयोगशाळेत तपासावे लागतात, माहिती अधिकारात कारखान्यांना मिळालेली संमतीपत्रं मागावी लागतात. याला महिने जातात, पैसे लागतात, आणि लहान पेपरचा वार्ताहर तर पुष्कळदा जाहिरातीच्या टक्केवारीवर घर चालवत असतो. त्याला पुरस्कार हवा तो या कामासाठी, आणि काम सुरू असताना.

6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत आणि पुढे कुलाबा वेधशाळेचे प्रमुख झाले. मराठीतला आद्य पत्रकार विज्ञानाचा माणूस होता. त्या तारखेला आपण पत्रकार दिन पाळतो, तालुक्या-तालुक्यात सत्कार होतात. यंदा शाल-श्रीफळाबरोबर आपल्या गावच्या वार्ताहराला पाण्याच्या एका तपासणीचा खर्च द्या. आणि निकाल आला की तो छापूनही आणा, मग तो कुणाच्याही विरोधात गेलेला असो.