घरची भाजणी, घाऊक गिऱ्हाईक

मैत्रिणींनो, आपल्या हातची थालीपिठाची भाजणी शेजारणीला आवडली, की ती हमखास म्हणते, “अहो, तुम्ही विकायला का नाही सुरुवात करत?” इथवर सगळं सोपं असतं. पण शेजारीण नेणार एक किलो. नाक्यावरचा दुकानदार किंवा ऑफिसचं कॅन्टीन महिन्याला वीस किलो नेतं, आणि संसाराला खरा हातभार लागतो तो अशा घाऊक गिऱ्हाइकामुळं.

त्याची नजर मात्र वेगळी असते. शेजारीण चव पाहते. दुकानदार चव तर पाहतोच, शिवाय वजन बरोबर आहे का, माल दर खेपेला असाच येईल का, सांगितलेल्या दिवशी येईल का, बिल मिळेल का, हेही पाहतो. आपला माल तो स्वतःच्या नावावर विकत असतो ना! भाजणी खवट निघाली, तर गिऱ्हाईक त्याचं तुटतं.

लिज्जत पापडाची गोष्ट आपल्याला माहीत आहेच. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला बसल्या. त्यांनी पहिली चार पाकिटं भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक घाऊकच! सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगले आणि एक स्वस्तातले. छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, की प्रत एकच ठेवा, ती घसरू देऊ नका, आणि हिशेब चोख ठेवा. आजही याहून चांगला सल्ला नाही.

पहिली भेट

दुकानात संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी मालक जरा निवांत असतो. शंभर ग्रॅमची दोन-तीन नमुन्याची पाकिटं न्या. वर चिठ्ठी हवीच: काय काय घातलं आहे, वजन, भरल्याची तारीख, किती दिवस टिकेल, आपलं नाव-पत्ता, किंमत आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक. ही नोंदणी घरगुती धंद्यालाही लागते.

दर आधी घरी कागदावर काढा. धान्य, गॅस, गिरणी, पिशव्या, रिक्षा आणि आपली मजुरी! “घरचंच तर काम,” म्हणून मजुरी सोडली, की पहिल्याच महिन्यात आपण तोट्यात. त्यावर दुकानदाराचा नफा बसला पाहिजे. आणि शेजारणीला त्याच्यापेक्षा स्वस्त देऊ नका. त्याला कळल्यावाचून राहत नाही.

मोबाइलवरचं नाव

पूर्वी दुकानदार चार जणांकडे चौकशी करी. आता आपण पायरी उतरेपर्यंत तो मोबाइलवर आपलं नाव शोधतो. म्हणून गूगलच्या नकाशावर आपल्या उद्योगाची नोंद करा. ती फुकट होते. घराचा पत्ता सर्वांना दिसायला नको असेल तर तो झाकून ठेवता येतो. धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲपही फुकट मिळतं. त्यात मालाची यादी, फोटो आणि कामाच्या वेळा लिहून ठेवता येतात. फोटो आपल्याच स्वयंपाकघरातला, उजेडात काढलेला असावा. नाव सगळीकडे एकच ठेवा.

आता माझी फजिती सांगते. एका दिवाळीच्या घाईत मी भाजणी पुरती निवू न देता पिशव्यांत भरली. आत वाफ धरली. आठवड्याभरात एका बाईंनी आमच्या पानावर एकच तारा देऊन लिहिलं, “भाजणीला वास येतो.” मला रडूच आलं. नणंदेला आणि भाचीला पाच-पाच तारे द्यायला सांगावं, असंही मनात आलं. मुलगी म्हणाली, “आई, खोटी स्तुती लगेच ओळखू येते.” मग मी उत्तर लिहिलं, की चूक आमची आहे, त्या तारखेची सगळी पाकिटं परत घेतो आणि बदलून देतो. दुकानांतून अकरा पाकिटं परत आणली. नुकसान झालं, पण चार महिन्यांनी एका कॅन्टीनच्या व्यवस्थापकांनी आपणहून फोन केला. म्हणाले, “तुमचं ते उत्तर वाचलं, म्हणून विचारतोय.”

उधारीचं काय?

घाऊक गिऱ्हाईक बहुधा रोख देत नाही. एका केटरिंगवाल्यानं माझे चार महिन्यांचे पैसे अडकवले होते. “पुढच्या आठवड्यात देतो, ताई,” ऐकून ऐकून मी मुलीची फी उसनी आणून भरली. तेव्हा कळलं, की आपल्या बाजूनं कायदा आहे.

उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावर, एक पैसाही न देता होते. पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, नोंदलेल्या लहान उत्पादकाचा माल स्वीकारल्यावर घेणाऱ्यानं पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण पंचेचाळीस दिवसांच्या आतच. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी संकेतस्थळावर तक्रार करता येते.

पण पुरावा हवा. म्हणून दर खेपेला चलनावर सही घ्या, बिलावर मुदत लिहा. ओळखीत सही कशी मागायची, असा संकोच नको. मी त्या केटरिंगवाल्याला सह्यांची चलनं आणि कायद्याचं कलम शांतपणे व्हॉट्सॲपवर पाठवलं. पैसे तीन हप्त्यांत आले. त्याला पुन्हा माल दिला नाही, आणि पानावर त्याच्याबद्दल वाईटही लिहिलं नाही. नवं गिऱ्हाईक तेही वाचतंच ना!

तेव्हा सुरुवात दोनच दुकानांपासून करा. ती नीट सांभाळली, की तिसरा दुकानदार आपलं दार शोधत येतो. आणि हो, भाजणी मात्र पुरती निवल्यावरच भरा!