आमच्या डोंगराचा माथा सपाट का?

आमचे गाव वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या अंगाला आहे. गावाच्या पाठीमागे डोंगर आहे. चित्रकलेच्या वहीत सगळे जण तीन टोकांचे डोंगर काढतात आणि मधून सूर्य काढतात. मीसुद्धा काढते. पण आमच्या डोंगराला टोकच नाही. माथा पाटासारखा सपाट आहे आणि बाजूला सरळ उभा काळा कडा आहे. कड्याखाली उतार आणि उताराखाली आमचे शेत. हा कागद वाचता वाचता शेजारच्या खिडकीतून बाहेर बघितले तर तुम्हाला डोंगर दिसेल.

मागच्या वर्षी आषाढात एका रात्री मोठ्ठा आवाज झाला. आम्हाला वाटले वीज पडली. सकाळी बघतो तर म्हशीएवढा धोंडा बांध फोडून आमच्या शेतात येऊन बसला होता. गोठ्यापासून तो किती लांब आहे ते मी मोजले. बावीस पावले. कुणाला लागले नाही. पण तेव्हापासून पाऊस वाढला की आई रात्री उठून बसते.

मी आजीला विचारले, धोंडा कुठून आला आणि डोंगर असा कापल्यासारखा का आहे? आजी म्हणाली, "अगं, भीमानं गदा हाणली, तवा डोंगराचं टकुरं उडालं. म्हणून वर सपाट हाय." माझा मामा म्हणाला, किल्ला बांधायला माणसांनी माथा सपाट केला असेल. पण आमच्या डोंगरावर किल्ला नाही. मग मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी एका तासात सांगितले नाही, चार-पाच दिवस लागले. ते मी इथे लिहीत आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला पातळ लाव्हा बाहेर आला. तो एका जागी साचून टोकदार डोंगर झाला नाही. तव्यावर धिरड्याचे पीठ ओतले की ते कसे चहूकडे पसरते, तसा तो पसरला आणि थंड झाला. मग काही काळ शांत. मग परत लाव्हा आला आणि पहिल्या थरावर पसरला. असे पुष्कळ वेळा झाले. म्हणजे आपला सह्याद्री ही भाकरींची चवड आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग ह्याच दगडाचा आहे. ह्या दगडाला बेसाल्ट म्हणतात. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. इंग्रजीत ह्या थरांना 'ट्रॅप' असे नाव आहे. तो शब्द स्वीडन देशातल्या भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला, कारण हे डोंगर लांबून पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. (मी आजीला सहा कोटी साठ लाख वर्षे सांगितली तर ती म्हणाली, "तवा मी नव्हते गं.")

आता महत्त्वाचे असे की चवडीतल्या सगळ्या भाकरी सारख्या नाहीत. काही थर घट्ट आहेत. त्यांच्यावर सुतकी आपटली तर ठणठण वाजते. काही थरांत हवेचे बुडबुडे अडकून भोके पडली आणि मग त्या भोकांत पांढरे खडे झाले. विहीर खणणारे लोक त्याला मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लवकर झिजतो आणि त्याचा मुरूम होतो. शिवाय दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो. पहिला लाव्हा थंड झाल्यावर नवा येईपर्यंत इतका वेळ गेला की मधल्या काळात वर माती तयार झाली. मग नवा लाव्हा आला आणि ती माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून लाल झाली.

हा लाल पट्टा मी डोळ्यांनी बघितला आहे. मामा मला कमळगडावर घेऊन गेला होता. तिथे गडावर एक अरुंद खोल विहीर आहे, तिला कावेची विहीर म्हणतात. काव म्हणजे गेरू. पायऱ्या उतरून खाली गेले की भिंती लाल लाल दिसतात आणि आत गार वाटते. मी भिंतीला हात लावला तर हात लाल झाला. तो मी फ्रॉकला पुसला आणि घरी बोलणी खाल्ली. तेव्हा मला वाटले होते विहिरीला रंग दिला आहे.

आता माथा सपाट का राहतो ते सांगते. गुरुजींनी आम्हाला एक प्रयोग करायला लावला. तुम्ही घरी करू शकता. शाळेच्या बागेतली माती ओली करून तिचा ढीग केला आणि हाताने चांगला दाबला. ढिगावर फुटक्या कौलाचा एक तुकडा ठेवला. मग झारीने वरून पाणी घातले. सात-आठ झाऱ्या घातल्या. आजूबाजूची माती वाहून गेली, पण कौलाच्या खालची माती तशीच राहिली. चारी बाजू उभ्या आणि वर सपाट कौल! अगदी आमचा डोंगर झाला. आणखी पाणी घातले तेव्हा कौलाखालची माती बाजूने खरवडली गेली, कौल एका बाजूला कलले आणि पडले. त्यानंतर उरलेला ढीग टोकदार झाला आणि लगेच संपला.

म्हणजे आमच्या डोंगराचे टकुरे कुणी उडवले नाही. तिथला सगळ्यात वरचा थर कौलासारखा घट्ट आहे. पाऊस वरून पडतो, पण डोंगर जास्त झिजतो तो बाजूने. आधी खालचा मऊ थर झिजतो आणि आत कपार होते. वरच्या घट्ट थराला खालून आधार उरत नाही. त्या थरात आधीच उभ्या भेगा असतात. तळे आटल्यावर चिखलाला भेगा पडतात ना, तसा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. त्या भेगेवर दगड सुटतो आणि उभाच्या उभा खाली येतो. म्हणून कडा सरळ राहतो. दगड गेला की मागे नवा कडा, तोही सरळ. डोंगर बुटका व्हायच्या आधी बारीक होत जातो. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली.

आणि एक. उन्हाळ्यात गवत वाळले की आमच्या डोंगरावर आडवे पट्टे दिसतात. समोर दरीपलीकडे पाचगणीचा डोंगर आहे, त्यावरही पट्टे दिसतात. गुरुजींनी आम्हाला पट्ट्याच्या रेषेत हात आडवा धरून बघायला सांगितले. पट्टे जवळजवळ एकाच उंचीवर आहेत! म्हणजे दोन्ही डोंगर पूर्वी एकच होते. मधला सगळा दगड कृष्णेने आणि ओढ्यांनी थोडा थोडा करून नेला. बापूला हे पटले नाही. तो म्हणाला, कृष्णेला उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असते. गुरुजी म्हणाले, वेळ किती मिळाला ते बघ.

पाचगणीच्या टेबललँडवरचे टोपण मात्र काळ्या पाषाणाचे नाही, जांभ्याचे आहे. काळा पाषाण फार फार वर्षे ऊनपावसात राहिला की त्यातले बरेच काही विरघळून जाते आणि लोखंड वगैरे मागे उरते. तो जांभा. तो उन्हावाऱ्यात आणखी कडक होतो. कास पठारावरही जांभाच आहे. तिथे माती वीतभरसुद्धा नसते, म्हणून झाडे कमी आणि फुले जास्त. कोकणात जांभ्याच्या सपाट माळाला सडा म्हणतात.

शास्त्रज्ञांनी ह्या डोंगरांना नावे दिली आहेत. खूप मोठा सपाट प्रदेश असला तर पठार. पठार तुटून वेगळा पडलेला, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेला डोंगर म्हणजे मेसा. स्पॅनिश भाषेत मेसा म्हणजे टेबल. तो झिजून रुंदीपेक्षा उंची जास्त झाली की ब्यूट. त्याहून बारीक झाला की सुळका. अमेरिकेत मॉन्युमेंट व्हॅली नावाच्या ठिकाणी मेसा आणि ब्यूट एकमेकांशेजारी उभे आहेत. ते लाव्ह्याचे नाहीत, वाळूच्या दगडाचे आहेत. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन शहरामागे टेबल माउंटन आहे, तोही वाळूच्या दगडाचा. म्हणजे दगड कुठलाही चालतो, टोपण घट्ट पाहिजे.

पण एक प्रकार अगदी उलटा आहे. त्याचे नाव टुया. तो झिजून होत नाही, तसाच तयार होतो. बर्फाच्या जाड थराखाली ज्वालामुखी फुटला की बर्फ वितळून आत पाण्याचे तळे होते. लाव्हा त्यात भरत जातो आणि चारी बाजूंच्या बर्फामुळे त्याला पसरता येत नाही. पाण्याच्या वर आल्यावर लाव्हा सपाट पसरतो. पुढे बर्फ निघून गेला की वाटीतून काढलेल्या भाताच्या मुदीसारखा डोंगर उरतो. असे डोंगर कॅनडात आणि आइसलँडमध्ये आहेत. टुया हे नाव १९४७ साली मॅथ्यूज नावाच्या शास्त्रज्ञाने दिले. आपल्याकडे टुया नाही.

मग आमचा डोंगर कोण? आम्ही मोजायचे ठरवले. दिवाळीच्या सुटीआधी गुरुजी आम्हाला माथ्यावर घेऊन गेले. माथा लांबीला माझी ८२० पावले आणि रुंदीला २६० पावले भरला. माझे एक पाऊल अर्धा मीटर आहे, पट्टीने मोजले आहे. म्हणजे ४१० मीटर लांब आणि १३० मीटर रुंद. गुरुजींच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात. दोन रेषांत २० मीटर. गावापासून माथ्यापर्यंत १५ रेषा, म्हणजे ३०० मीटर उंची. आता भांडण सुरू झाले. लांबी धरली तर मेसा, रुंदी धरली तर ब्यूट! शिवाय उंची गावापासून मोजायची की कड्याच्या पायथ्यापासून? नुसता कडा धरला तर तो शंभर मीटरसुद्धा नाही, मग परत मेसा. बापू आणि मी मेसाच्या बाजूला होतो. शेवटी मते घेतली. मेसा १७, ब्यूट ९. गुरुजी हसले. ते म्हणाले, मेसा कुठे संपतो आणि ब्यूट कुठे सुरू होतो ती रेघ माणसांनी ओढली आहे, पुस्तकांतही वाद असतो.

माथ्यावरून परत येताना आम्ही कड्याच्या खालच्या पदरातून आलो. तिथे मला आमच्या धोंड्याची जागा सापडली. कड्यात एक ठिकाणी काळ्याऐवजी ताजा करडा रंग दिसत होता, दार काढल्यासारखा. त्याच्या खाली कपार होती आणि कपारीत लाल पट्टा. त्यातून पाणी ठिबकत होते. वरून भेगेतून मुरलेले पाणी लाल मातीवर अडते आणि बाजूने बाहेर येते, म्हणून झरे अशाच जागी असतात. धनगरांची म्हसरे तिथेच पाणी पितात. त्याच पाण्याने कपार वाढते. त्या जागेच्या डाव्या बाजूला आणखी एक मोठी भेग आहे. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. गुरुजींनी मला ओरडून मागे घेतले.

ते मी घरी सांगितले. आधी अण्णा म्हणाले, "डोंगर काय आजचा हाय व्हय?" मग आईने इर्शाळवाडीची आठवण काढली. तिथे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड वाडीवर आली होती आणि लोक झोपेत होते. त्यावर अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गुरुजींना घेऊन स्वतः भेग बघून आले. धोंडा ज्या रेषेत आला ती रेषा त्यांनी काठीने दाखवली. ती पुढे नेली तर थेट गोठ्यावर येते.

ह्या उन्हाळ्यात आम्ही गोठा ओढ्याच्या अलीकडे हलवला. जुने पत्रे आणि वासे तेच वापरले. अण्णांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या खुणा केल्या आहेत आणि मधले अंतर दोरीने मोजून दोरीला गाठ मारली आहे. दर अमावस्येला मी आणि अण्णा जाऊन मोजतो. आतापर्यंत गाठ तिथेच आहे. पावसाळ्यात मात्र वर जायचे नाही असे ठरले आहे.

धोंडा कुणाला हलला नाही, तो शेतातच आहे. त्याच्या खालच्या बाजूला भोके आहेत आणि भोकांत पांढरे खडे चमकतात. वरची बाजू सपाट आहे. आजी त्यावर कुरडया वाळत घालते.

इयत्ता ४ थी