कोरियन वाक्य उलटं नाही, आपल्याच वळणाचं आहे

कवठे महांकाळसारख्या गावातला विद्यार्थी कोरियन शिकायला बसतो तो बहुधा मोबाईलवर, इंग्रजीतून समजावणाऱ्या धड्यांपुढे. इंग्रजी बोलणाऱ्याला जे अवघड, ते मग त्यालाही अवघड वाटू लागतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव आहे. म्हणून हे गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत. (खालचे उच्चार देवनागरीत जवळपासचे दिले आहेत.)

गैरसमज : लिपीत हजारो चित्राक्षरं आहेत.
वस्तुस्थिती : हंगुल लिपीत मूळ अक्षरं फक्त २४ आहेत, १४ व्यंजनं आणि १० स्वर. राजा सेजोंग यांनी १४४३मध्ये ती तयार केली आणि १४४६मध्ये लोकांपुढे आणली. व्यंजनाला स्वर जोडून अक्षर तयार करायची बाराखडीची सवय आपल्याला आहेच.

गैरसमज : वाक्यरचना उलटी असते.
वस्तुस्थिती : उलटी असते ती इंग्रजीच्या मानाने. ‘फोदो’ म्हणजे द्राक्षं. ‘जॉनन फोदोरल मॉगॉयो’ म्हणजे ‘मी द्राक्षं खातो’. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. मराठीचा हाच क्रम, आणि सीमेपलीकडच्या कन्नडचाही. उलट एक गोष्ट सोपीच आहे : ‘खातो’, ‘खाते’, ‘खातात’ या सगळ्यांना ‘मॉगॉयो’ एकच. क्रियापद लिंग-वचनानुसार बदलत नाही.

गैरसमज : नामाला चिकटणारे तुकडे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.
वस्तुस्थिती : ते आपल्या विभक्ती प्रत्ययांचेच भाऊबंद आहेत. ‘हाक्क्यो’ म्हणजे शाळा. ‘हाक्क्योए गायो’ म्हणजे शाळेला जातो. शाळेत अभ्यास करतो, म्हणजे तिथे काही क्रिया घडते, तेव्हा ‘हाक्क्योएसॉ’. हाच ‘एसॉ’ ‘कवठे महांकाळहून आलो’ मधल्या ‘हून’चंही काम करतो.

फरक कळायला हवा तो दोन ठिकाणी. आपण ‘मुलाला बघतो’ म्हणतो, पण ‘द्राक्षं बघतो’. कोरियन कर्माचा ‘रल’ दोन्हीकडे लागू शकतो. दुसरं, ‘नन’ आणि ‘गा’. ‘कोण आलं?’ याला उत्तर ‘आजी आली’, इथे आजीला ‘गा’ लागतो. ‘आजी काय करतेय?’ याला उत्तर देताना आजी हा बोलण्याचा विषय झाला, म्हणून ‘नन’. शब्द व्यंजनात संपला की नन, गा, रल यांची रूपं अन, इ, अल अशी होतात.

गैरसमज : शेवटी ‘यो’ लावलं की आदर पूर्ण झाला.
वस्तुस्थिती : ‘यो’ हा ऐकणाऱ्याचा मान आहे. ज्याच्याविषयी बोलतो त्याचा मान वेगळा, त्यासाठी क्रियापदात ‘शि’ मिसळतो. ‘गायो’ म्हणजे जातो. आजी जात असेल तर ‘गासेयो’. मराठीत आपण ‘बाबा आले’ म्हणतो, पण आजी मायेपोटी ‘आली’. कोरियनमध्ये परक्यांशी बोलताना आजीलाही मानाचं रूप द्यायची रीत आहे. स्वतःसाठी मात्र ‘शि’ कधीच वापरायचा नाही. सभेत, बातम्यांत, मुलाखतीत ‘गाम्निदा’ असं अधिक औपचारिक रूप येतं.

गैरसमज : मालिका पाहून बोलणं आपोआप जमतं.
वस्तुस्थिती : कान तयार होतो, हे खरं. पण मालिकांतले मित्र, भावंडं एकमेकांशी ‘पानमाल’ म्हणजे अरे-तुरेची भाषा बोलतात. तीच शिक्षकांपुढे किंवा मुलाखतीत वापरली तर उद्धटपणा ठरतो. शब्दकोशात ‘तांगशिन’चा अर्थ ‘तुम्ही’ सापडतो, पण तोही मोठ्यांना वापरू नये. आपण जसं ‘सर’, ‘काका’ म्हणतो, तसं तिथेही हुद्द्याने किंवा नात्याने हाक मारतात.

कोरियात भेटल्यावर जेवणाची चौकशी करायची पद्धत आहे. मित्राला ‘मॉगॉस्सॉ?’, वडीलधाऱ्यांना ‘शिक्सा हास्यॉस्सॉयो?’ दोन्हींत ‘तू’ नाही की ‘तुम्ही’ नाही, मान सगळा क्रियापदात. कवठे महांकाळच्या ओट्यावर आपण हेच विचारतो : ‘जेवलास का?’ आणि ‘जेवलात का?’ ज्याला या दोन प्रश्नांतला फरक लहानपणापासून कळतो, त्याने कोरियनला घाबरायचं कारण नाही. धडा कोणत्याही भाषेतून घ्या, वाक्य मात्र मराठीशी ताडून पाहा.