बाळंतपणासाठी गावी जाताना सुटणारी तपासणी

मुंबईच्या वस्तीत राहणारी गरोदर बाई बाळंतपणासाठी गावी जाते, तेव्हा तिच्या तपासण्यांचं काय होतं, हे आज आपण समजून घेऊ या.

समजा, ती मानखुर्दला राहते. पालिकेच्या दवाखान्यात तिचं नाव घातलेलं आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली जाते आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती जालना जिल्ह्यात माहेरी जाते. यामागे नुसती रीत नाही. दहा बाय दहाची खोली, वेळेवर न येणारं पाणी, नवरा दिवसभर कामावर. मग बाळंतिणीकडे बघणार कोण? म्हणून ‘गावी जाऊ नकोस’ हा सल्ला आपण देणार नाही. तिच्यासाठी माहेरी जाणं शहाणपणाचंच आहे.

अडचण नोंदीची आहे. इकडे आरोग्यसेविकेच्या वहीत शेरा पडतो, ‘गावी गेली’. तिकडे कुणी कळवलं नाही, तर आशाताईंच्या यादीत तिचं नाव चढत नाही. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर असतात, पण बाई कुणाच्याच जबाबदारीत नसते.

आता वेळापत्रक बघा. गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हायला हव्यात: पहिली 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26, तिसरी 28 ते 34 आणि चौथी 36 आठवड्यांनंतर. म्हणजे तिसरी आणि चौथी नेमकी या प्रवासानंतर येते. रक्तदाब वाढणं, अंगावर सूज, बाळ आडवं असणं, हे याच काळात लक्षात येतं.

जुना कागद जवळ नसेल तर काय होतं? सुरुवातीला तिचा रक्तदाब 100/60 होता आणि आता 136/86 आहे. नव्या डॉक्टरला फक्त दुसरा आकडा दिसला, तर तो 140/90 च्या आत आहे म्हणून सोडून दिला जाऊ शकतो. दोन्ही आकडे शेजारी दिसले, तर ते लगेच सावध होतील. तीच गोष्ट रक्तगटाची. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. ते आधी माहीत असलं तर मागवून ठेवता येतं. रक्त कमी असण्याचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या किमान 180 दिवस घ्यायच्या असतात. गावी गेल्यावर त्या मध्येच थांबल्या, तर रक्त भरून कसं निघणार?

मग करायचं काय? निघण्याआधी आरोग्यसेविकेला गावाचं नाव आणि माहेरचा फोन नंबर सांगायचा. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट पिशवीत ठेवायचे, त्यांचे फोटो मोबाइलमध्येही घ्यायचे. आरसीएच क्रमांक कार्डावर लिहून घ्यायचा. उरलेल्या गोळ्या बरोबर न्यायच्या. गावी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात आशाताईंना भेटून उपकेंद्रात तपासणी करून घ्यायची. रात्री-अपरात्री त्रास झाला तर 108 ला फोन.

‘तुमचा पत्ता मुंबईचा आहे’ असं कुणी म्हणालं तर? 2011 पासूनचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईसाठी आहे. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलंच तर रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि येण्याजाण्याची गाडी हे सगळं मोफत. त्याला पत्त्याची अट नाही.

परतीच्या वेळीही हीच फट पडते. बाळाच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात, आणि बरेचदा याच सुमारास बाई मुंबईला परत येते. म्हणजे तेच कार्ड पुन्हा बरोबर, आणि वस्तीत आल्या-आल्या दवाखान्यात पुन्हा नोंद.

हे सगळं तिच्याच अंगावर टाकून मात्र चालणार नाही. ‘गावी गेली’ हा शेरा लिहिताना इकडच्या सेविकेने तिकडच्या आशाताईंना एक फोन करावा, हा दोघींच्या कामाचाच भाग ठरायला हवा. त्या शेऱ्यापुढे गावाचं नाव आणि फोन नंबर लिहायला एक रकाना असला, तरी पुष्कळ होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.