मालक कोण, हे विचारणारे लायसन्स

फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उतरवताना अटी न वाचताच ‘मान्य’ म्हणून आपण मोकळे होतो. पण काही लायसन्स पैसे मागत नाहीत. धंद्याची मालकी कोणाकडे, हे बघतात. रॅम्झी नासर आणि एव्हरेस्ट पिपकिन यांचे २०२० मधले ‘अँटी-कॅपिटलिस्ट सॉफ्टवेअर लायसन्स’ हे त्यातलेच. त्याबद्दलचे काही गैरसमज रायपूरच्या आणि इतर उदाहरणांवरून तपासू.

गैरसमज : कोड उघडा आहे, म्हणजे ते ओपन सोर्स.
वस्तुस्थिती : ओपन सोर्समध्ये कोणाला मज्जाव करता येत नाही. जीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स (१९८९) तर विकायलाही मोकळीक देते. फक्त बदललेले सॉफ्टवेअर पुढे दिलेत, तर त्याचा कोडही द्यावा लागतो. छत्तीसगढीतही भाषांतर झालेला केडीई हा ओपन सोर्स डेस्कटॉप शेठने लावला काय नि हमालाने लावला काय, अडवणारे कोणी नाही. नासर-पिपकिन यांचे लायसन्स मात्र अडवते, म्हणून ते ओपन सोर्स नाही.

गैरसमज : नफा कमावणाऱ्याला ते चालत नाही.
वस्तुस्थिती : नफ्याला हरकत नाही, तो कोणाच्या गल्ल्यात जातो, हा प्रश्न आहे. स्वतःपुरते काम करणारी व्यक्ती, ना-नफा संस्था, शिक्षणसंस्था आणि सभासदांत नफा वाटून घेणारी संस्था यांना परवानगी आहे. संस्थेला मालक असतील, तर सगळे मालक कामगार आणि सगळे कामगार मालक हवेत. भाग किंवा मत समान हवे. पोलीस आणि लष्कराला बंदी. रायपूरमधल्या पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानात शेठ एक आणि पगारी नोकर चार असतील, तर शेठ कितीही दानशूर असो, त्याचे दुकान बाद.

गैरसमज : कामगारच मालक, हे फक्त कागदावर शोभते.
वस्तुस्थिती : रायपूरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये जाऊन बघा. १९५० च्या दशकात सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली. नोकऱ्या जाणार, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी सोसायट्या काढल्या. त्यातल्याच जबलपूरच्या सोसायटीचे हे कॉफी हाऊस. संचालक सभासद कामगारांतून निवडून येतात. डोक्याला तुऱ्याचा फेटा बांधून डोसा आणून ठेवणारा सभासद वेटर तिथे मतदारही असतो.

गैरसमज : नावात ‘सहकारी’ आहे, मग झाले.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रातला सहकारी साखर कारखाना ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या मालकीचा, गाळप हंगामात राबणारा कामगार पगारी. म्हणून कारखाना या कसोटीत बसत नाही. कॉफी हाऊसलाही सवलत नाही : सभासद नसलेला एकही पगारी माणूस ठेवला, तर अट मोडली.

गैरसमज : असल्या अटींना कायद्यात किंमत नाही.
वस्तुस्थिती : आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे. तिची प्रत काढायची परवानगी कोणाला द्यायची, हे हक्कधारक ठरवतो. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला कलम ६३-ब खाली कैदही होऊ शकते.

तेव्हा असे सॉफ्टवेअर कामाला लावण्यापूर्वी लायसन्सची फाइल उघडून वाचा. सहकारी संस्था असाल, तर हजेरीपट आणि सभासद नोंदवही शेजारी ठेवून नावे जुळवा. जुळत नसतील, तर जीपीएलखालचे सॉफ्टवेअर घ्या. ते मालक कोण हे विचारत नाही.